हिरा, तुझ्या फोटोखाली माझा आवाज

हिरे,

तू गेलीस त्या दुपारी आपल्या वृंदाच्या ग्रुपवर तुझा फोटो आला. कळस गावच्या तुझ्या डाळिंबाच्या बागेतला. पदर वाऱ्याने मागे गेलेला आणि तू फोटो काढणाऱ्यावर वैतागलेली. त्याखाली कुणीतरी आपल्या एकुलत्या कॅसेटमधला पूरिया राग जोडला होता आणि वर लिहिलं होतं, ‘हिराताईंना त्यांच्याच वृंदाची स्वरांजली’. संध्याकाळपर्यंत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. पुण्यातून, नाशिकातून, परदेशात गेलेल्या आपल्या मुलींकडून. एकीने लिहिलं, ‘इतक्या आवाजांत हिराताईंचा खर्ज कसा वेगळा ओळखू येतो नाही?’ तिच्याखाली चौघींनी ‘अगदी खरं’ म्हणून लिहिलं.

त्या कॅसेटमध्ये तू नाहीस. एका ओळीत नाहीस, एका सुरात नाहीस. सुरुवातीचा तो आलाप माझ्या आवाजात आहे, आणि मागचा वृंद तुझ्याशिवाय उरलेल्या तेवीस जणींचा. बाकीच्या जणी ते केव्हाच विसरल्या; आठवण असलेली तीनच माणसं, असं मी तेव्हा धरून होते. सर गेले, आता तू गेलीस. मी फोन हातात धरून बसून राहिले. ‘अगं, ही हिरा नाही’ एवढं लिहायला चार शब्द पुरले असते. मी तेही लिहिले नाहीत. उलट हात जोडलेलं एक चित्र पाठवलं.

म्हणून आज हे लिहायला बसले आहे. तुझ्याशी बोलल्याशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलता येईल असं वाटत नाही.

आपण पहिल्यांदा भेटलो ते वालचंदनगरच्या शाळेत, आठवीच्या वर्गात. मी स्टाफ क्वार्टर्समधली, तू कामगारांच्या चाळीतली. तुझ्या आबांनी आदल्याच वर्षी कळसची मेंढरं विकून कारखान्यात उसाच्या काट्यावर नोकरी धरली होती. तुला बाकावर बसायची सवय नव्हती आणि हळू बोलायचीही नव्हती. ‘हजर’ म्हणायचीस ती शेजारच्या वर्गात ऐकू जायची. मुली हसायच्या. निमकर सरांनी तो ‘हजर’ व्हरांड्यातून ऐकला आणि आत येऊन विचारलं, “आत्ता कोण बोललं?” तुला वाटलं, आता छडी मिळणार.

सर गाण्याचे मास्तर. शाळेत त्यांना आठवड्याला दोन तास होते आणि बाकीचा सगळा वेळ डोक्यात एकच वेड. आपल्याकडे शास्त्रीय गाणं एकट्याने गायचं असतं, पण ते चोवीस जणींनी मिळून का गाऊ नये? सगळ्यांनी एकच चाल एका सुरात म्हणायची, तसं नाही. एका रांगेने खालचा सूर धरायचा, दुसरीने बंदिश म्हणायची, तिसरीने तिच्याभोवती सरगम विणायची. त्यातून नीरा वृंद उभा राहिला. कारखान्याची पाळी सुटल्याचा भोंगा झाला की हॉलमध्ये तालीम सुरू. सर म्हणायचे, “भोंग्याचा सूर थोडा उतरलाय, त्याच्या नादाला लागू नका.”

तुझ्या आबांना हे गाणंबिणं मान्य नव्हतं. सर तीनदा तुमच्या खोलीवर आले. तिसऱ्यांदा बायकोला, आपल्या काकूंना, बरोबर घेऊन आले आणि जमिनीवर बसून म्हणाले, “हिची जबाबदारी माझी. माझ्या मुलीसारखी नेईन आणि आणीन.” काकूंच्या हातचं तू किती वर्षं जेवलीस! सरांविषयी लिहिताना हे आधी लिहायला हवं, हे तूच मला बजावलं होतंस. बघ, आधी लिहिलं.

आणि तो आलाप. त्या दिवशी सर पूरियाची सुरुवात शोधत होते. संध्याकाळचा राग, सगळं गाणं खालच्या सप्तकात. आपण दोघी शेवटच्या रांगेत, खर्जाच्या. सर म्हणाले, “कुणीतरी एकटीने खाली उतरत या आणि षड्जावर वृंदाला बोलवा.” मी प्रयत्न केला, आणखी दोघींनी केला. मग तू डोळे मिटून एक सूर लावलास, तिथून घसरत आणखी खाली गेलीस, इतकी खाली की मला वाटलं आता आवाज बंद पडणार, आणि तिथून हळूच वर वळलीस. 

“हे कुठून आणलंस?” सरांनी विचारलं.

“आबांचं हाय. मेंढरं माघारी वळवताना असंच म्हणत्यात. म्या फकस्त तुमचं सूर लावलं.”

सरांनी पेटी मिटली आणि चष्मा पुसत बसले. पुढे ज्या आलापाने नीरा वृंदाचं नाव झालं, रेडिओवर कॅसेट वाजून झालं, दिल्लीच्या मंचावर झालं, तो असा झाला. मी तुझ्या शेजारी उभी होते. मी तो तुझ्याकडून शिकले, तालमीत तू आजारी असलीस तर म्हणायला म्हणून.

मुंबईच्या एका कंपनीने कॅसेट काढायची ठरवली तेव्हा आपण विशीच्या आत-बाहेर होतो. कारखान्याच्या बसने गेलो. रस्ताभर तू खिडकीला नाक लावून बसली होतीस आणि घाट उतरताना माझा हात इतका घट्ट धरलास की बांगडी रुतली. स्टुडिओ म्हणजे गाद्या लावलेली एक बंद खोली, मध्ये मोठी काच, काचेपलीकडे यंत्रं आणि एक चिडका ध्वनिमुद्रक. त्याने दोनदा थांबवलं, तिसऱ्यांदा बाहेर आला. “मागच्या रांगेतला एक आवाज फाटतोय. मीटरचा काटा उडतो. ती मुलगी काढा, नाहीतर आज काही होणार नाही.”

सरांनी त्याची विनवणी केली. तुला माइकपासून जरा बाजूला वळायला लावलं. पुन्हा तेच. खोली संध्याकाळपर्यंतच मिळालेली होती. सर घामाने भिजले होते. मग त्यांनी तुला जवळ बोलावलं आणि खाली बघत म्हणाले, “हिरा, तू जरा काचेपलीकडे बस.” आणि मला म्हणाले, “वसुधा, आलाप तू घे.”

मी घेतला.

एवढंच वाक्य आहे, हिरे. चाळीस वर्षं मी त्याच्याभोवती दुसरी वाक्यं लावत आले. सरांपुढे कोण बोलणार. सगळ्यांचं नुकसान झालं असतं. मी लहान होते. सगळं खरं आहे, आणि मी आलाप घेतला. मला भीती वाटली नव्हती, हेही आज लिहिते. मला आनंद झाला होता.  सरांच्या हाताच्या खुणेवर नजर लावून मी तुझ्या आबांची ती घसरण उतरले आणि वर आले. पहिल्याच खेपेला काटा उडाला नाही. ध्वनिमुद्रकाने अंगठा दाखवला.

बाहेर आलो तेव्हा तू म्हणालीस, “चांगलं झालं.” परतीच्या बसमध्ये तू पाटसपर्यंत झोपलीस, निदान डोळे मिटून तरी होतीस. कॅसेटच्या वेष्टनावर छापून आलं, ‘आलाप : वसुधा’. त्याच्याखाली वृंदातल्या सगळ्यांची नावं होती, त्यात तुझंही. सरांनी तेवढं केलं होतं. तेव्हापासून सगळा महाराष्ट्र समजतो की तू त्यात आहेस.

माणसाने अशा वेळी वृंद सोडला असता. मी सोडला असता. तू सोडला नाहीस. लग्न होऊन परत कळसला गेलीस, शेती अंगावर घेतलीस, सुनीता झाली, तरी रविवारी एसटीने तालमीला हजर. पिशवीतून शेंगा, हुरडा, कधी आंबट बोरं. कार्यक्रमात आलाप तूच म्हणायचीस, कारण सभागृहात तुझ्या आवाजाला मोकळी जागा मिळायची. इंदापूरच्या त्या कार्यक्रमात तू जशी गायलीस तशी पुन्हा कधी कुणी गायलेलं मी ऐकलं नाही. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ विंगेत आले. गाण्यातले जाणकार म्हणून त्यांचा मान होता. तुला म्हणाले, “वा! कॅसेटमधल्या वसुधाबाईंची अगदी हुबेहूब नक्कल केलीत.”

मी दोन हातांवर उभी होते. त्यांनी वळून मला नमस्कार केला. मी नमस्कार घेतला.

“व्हय,” तू हसून म्हणालीस, “शिकतीय तिच्याकडनंच.”

त्या हसण्यात टोमणा होता की नव्हता, हे मी किती वर्षं चाचपडत राहिले. एकदा विचारायला हवं होतं. मी तो विषय येईल अशी प्रत्येक वाट टाळली आणि बाकी सगळं तुझ्याशी बोलले. माझं लग्न मोडलं तेव्हा पहिल्यांदा तुझ्याकडे आले. तू काही विचारलं नाहीस. आठ दिवस मला बागेत कामाला लावलंस आणि नवव्या दिवशी म्हणालीस, “आता जा. बारामतीला कालेजात शिकवायचं म्हणत व्हतीस न्हवं?” मी गेले. तीस वर्षं शिकवलं. ती नोकरी तुझी देणगी आहे, हेही कधी तोंडाने म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, “वसू, भाषण करू नगंस.”

निवृत्त झाल्यावर वृंदाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. कुठे कुठे पडलेली ध्वनिमुद्रणं गोळा करायची, त्यांची जुळणी करायची आणि एक पुस्तक काढायचं. मी तुला सोबत घेतलं. तुला वाटलं, मला एकटीला फिरायचा कंटाळा येतो. खरं म्हणजे मी तुझा आवाज शोधत होते. कुठेतरी, कुणाच्या तरी कपाटात, एखाद्या कार्यक्रमाची फीत असेल, तिच्यात तू असशील, आणि ती पुस्तकासोबत दिली की माझं कर्तव्य आपोआप पार पडेल. मला काही बोलावं लागणार नाही.

पळसदेवला वृंदातली आपली शालन राहते. तिच्या नवऱ्याने इंदापूरचा कार्यक्रम टेप केला होता, असं ती फोनवर म्हणाली होती. तिने डब्यातून कॅसेट काढून दिली. लावली. थोडी खरखर झाली, सरांचं निवेदन ऐकू आलं, “आता पूरिया,” आणि लगेच वरातीचा बँड सुरू झाला. शालनच्या दिराच्या लग्नात त्यावरच पुन्हा टेप केलं होतं. शालन ओशाळली. तू मात्र पोट धरून हसलीस. “बँड चांगला वाजवलाय की गं! तालात हाय.”

उजनी धरणाचं पाणी तेव्हा खूप खाली गेलं होतं. जुनं देऊळ उघडं पडलेलं, शिखरापासून पायरीपर्यंत. शालनच्या नवऱ्याने आपल्याला सकाळीच होडीतून तिकडे नेलं. सभामंडपात गार होतं, दगडाला वाळलेल्या चिखलाचा वास होता. तू चपला काढल्यास, खांबाला टेकलीस आणि काही न सांगता तो आलाप सुरू केलास. साठी उलटलेल्या बाईचा आवाज, हिरे! दगडातून येत होता की तुझ्यातून, कळत नव्हतं. मी घाईघाईने फोन काढला. तू गाता गाता पुढे आलीस आणि फोनवर हात ठेवलास.

“ऱ्हाऊ दे,” संपल्यावर म्हणालीस, “तुला म्हणून म्हणलं.”

म्हणजे तुझा आवाज जगात कुठेच नाही. आणि एकदा तो फक्त माझ्यासाठी होता. या दोन गोष्टींपैकी कुठलीवर रडू, हे मला अजून ठरवता येत नाही.

मग महिन्याभरापूर्वीचं ते भांडण. बारामतीत मुलाणींच्या स्टुडिओत मी जुन्या फिती कॉम्प्युटरवर घ्यायला दिल्या होत्या. मुलाणी वयाने आपल्याएवढेच, कानाने तिखट. बोलता बोलता मी त्यांना विचारलं, एखादा आवाज फार मोठा असला, काटा उडत असला, तर काय करायचं? ते म्हणाले, “काय करायचं म्हणजे? त्या माणसाला तीन पावलं मागं उभं करायचं.”

मी तशीच बस पकडून कळसला आले. तू बागेत छाटणी करत होतीस.

“तीन पावलं, हिरे! नुसतं तीन पावलं मागं उभं करायचं होतं. त्या माणसाला कळलं नाही, सरांना सुचलं नाही. मी हे सगळं पुस्तकात लिहिणार आहे.”

तू कात्री थांबवली नाहीस. “सरांचं नाव खराब करू नगंस.”

“खरं आहे ते लिहिते.”

“सरांना म्हाईत न्हवतं. त्यांच्या मागं चोवीस पोरी आन वर घड्याळ. शेवटच्या आजारात मी बारामतीला त्यांच्याकडं जायाची. एकदा माझा हात धरून म्हणले, ‘हिरा, त्या दिवशी स्टुडिओत...’ म्या म्हणलं, सर, पाणी देऊ का? बोलू दिलं न्हाय. म्हाताऱ्या माणसाला कशाला रडवायचं?”

“त्यांना थांबवलंस. मग मला का नाही कधी थांबवलंस?”

आता तू कात्री खाली ठेवलीस. रागावली नव्हतीस, हेच जास्त लागलं. म्हणालीस, “तू कवा बोलाया लागली व्हतीस?”

 तू पुढे म्हणालीस, “सरांनी बाजूला बसवलं ते काम व्हतं, वसू. त्याचं मला काय न्हाय. पर तू शेजारी हुबी व्हतीस. ‘सर, ही जागा हिराची हाय’, येवढं म्हणायचं व्हतंस. सर ऐकले नसते. कुणीच ऐकलं नसतं. तरी म्हणायचं व्हतंस.”

मी काय केलं? मी म्हणाले, मला शेवटची एसटी गाठायची आहे. अजून ऊन होतं. तू फाटकापर्यंत आलीस, पिशवीत चार डाळिंबं घातलीस. मी मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर तीन आठवडे. रोज वाटायचं, उद्या फोन करू. काय बोलायचं ते मनात जुळवत होते, जणू लेख लिहायचा आहे. मग सुनीताचा फोन आला. ती बारामतीच्या दवाखान्यात नर्स आहे, रोज असल्या बातम्या लोकांना सांगते, तिच्याने वाक्य पुरं होईना. “मावशी, आई... बागेतच...”

तुझ्या दहाव्याला कळसला आले. सुनीताने मला आत नेलं, तुझ्या कपड्यांच्या पेटीवर बसवलं. म्हणाली, “आईला तुमचा आलाप फार आवडायचा. सकाळी कॅसेट लावूनच झाडायला घ्यायची. तुमच्याबरोबर म्हणायची. आणि एका जागी दर वेळी म्हणायची, ‘हितं वसू घाई करती.’”

मी हसले, हिरे. दहाव्याच्या घरात मोठ्याने हसले. तुझं बरोबर होतं. मी तिथे घाई करते. कुणी समीक्षकाने कधी धरलं नाही ते तू झाडताना धरलं होतंस. आणि मग मला वाटलं की तू घरात कुणालाच काही सांगितलेलं नाही. मी तिथेच, पेटीवर बसून, सुनीताला सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बंद होत गेला. शेवटी म्हणाली, “चाळीस वर्षं, मावशी?” आणि उठून बाहेर गेली. माझ्यासाठी कुणाच्या तरी हाती चहा पाठवला. स्वतः आली नाही. मला ते योग्यच वाटलं.

काल वालचंदनगरच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. वृंदातल्या आता अकरा जणी उरल्या आहेत. मागे तुझ्या गावची माणसं, त्यांत तुझे यजमान धोंडिबा, पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले. सुनीता त्यांच्या शेजारी. वृंदाच्या चिटणीसांनी स्पीकर जोडून ठेवला होता. “सुरुवात पूरियाने करू,” म्हणाले. मी उठून त्यांचा हात धरला आणि माइक घेतला.

चांगलं बोलले नाही. मुलांना तीस वर्षं शिकवलेली बाई, शब्द सापडेनात. म्हटलं, या ध्वनिमुद्रणात हिरा नाही. तिला काचेपलीकडे बसवलं होतं. हा आलाप तिचा आहे, तिच्या वडिलांचा आहे, मी तो तिच्या जागी उभी राहून म्हटला. सरांचा नाइलाज होता. माझा नव्हता. मी एक शब्द बोलले असते तर चाललं असतं, तो बोलले नाही, आणि नंतर चाळीस वर्षं त्या आलापाचे नमस्कार घेतले. पुस्तकाचं पहिलं पान मी बदललं आहे. तिथे आता हेच आहे.

हॉलमध्ये कुजबुज झाली. पुढच्या रांगेतली एकजण म्हणाली, “वसू, हे आज कशाला?” सरांचे पुतणे उठून बाहेर गेले. मला वाटलं, तूही रागावली असशील, सरांचं नाव निघालं म्हणून. मी शक्य तेवढं सांभाळलं, हिरे.

मग मागून धोंडिबा उभे राहिले. माइक नको म्हणाले. “हिचा आवाज कुटंच ऱ्हायला न्हाय, म्हणून समदी हळहळ करत्यात. म्या ऐकलाय की. पाण्याची दारं धरताना, खुरपताना, पोरीला निजवताना. पस्तीस वर्सं रोज ऐकलाय.” आणि खाली बसले.

त्यानंतर कॅसेट कुणी लावली नाही. आम्ही अकरा जणींनी पूरिया म्हटला. आलाप मीच घेतला, दुसरं कुणी उरलेलं नाही. तू सांगितलेल्या जागी घाई करायची नाही, एवढं एकच मनात धरलं. जमलं असं म्हणवत नाही. सुनीता मान खाली घालून ऐकत होती. मध्येच तिने वर बघितलं.

सभा संपल्यावर मी धोंडिबांबरोबर स्टँडपर्यंत चालत गेले. सुनीता फळांच्या गाडीपाशी थांबली होती.  मग ते म्हणाले, “वसूताई, एक इचारू? ती सांगायची, त्या दिशी काचंपलीकडं बसून ती तुमच्याकडंच बघत व्हती. पर तुमी शेवटपत्तूर तिच्याकडं बघितलं न्हाय. खरं का?”

मी खाली बघितलं. चाळीस वर्षांत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. “खरं आहे, दाजी. बघायचं धाडस झालं नाही.”

त्यांनी मान डोलावली, जणू एखाद्या जुन्या गोष्टीची खात्री पटली. “तिचं तेच म्हणणं व्हतं. म्या एकदा चिडलो व्हतो तुमच्यावर, लग्नानंतर, कॅसेट ऐकून. तर म्हणली, ‘वसूनं माझ्याकडं बघून, हसून म्हणलं असतं तर म्या पुन्हा तिच्या दारात गेले नसते. तिला बघवंना, तवाच मला कळलं, हिला बी लागलंय.’”

एसटी आली. सुनीताने वडिलांना आधी चढवलं. मग वळून माझ्या हातात केळ्यांची पिशवी दिली आणि चढली.

मी स्टँडवर उभी राहिले. आणि हिरे, मला तुझा इतका राग आला! हे तुला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नवऱ्याला सांगितलंस, आणि मला नाही. इतकी वर्षं मी त्या काचेपासून तोंड लपवत फिरले, आणि तू पलीकडून सगळं बघून कधीच मोकळी झाली होतीस. एकदा सांगायचं होतंस. मी ऐकलं नसतं, रडले असते, विषय बदलला असता. तरी सांगायचं होतंस.

आता हे भांडण मी कुणाशी करू?